टिकाऊ पॅकबंद खाद्यपदार्थ समुद्रमार्गे परदेशी पाठवताना

सामान्य तापमानाला टिकणारे पॅकबंद खाद्यपदार्थ जहाजाने परदेशी पाठवणे हे ताजी फळे किंवा मासे पाठवण्याच्या मानाने सोपे समजले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. शीतकंटेनर लागत नाही, दोन-चार दिवसांच्या विलंबाने माल नासत नाही आणि भाडेही कमी पडते. तरीही या मालाचे नुकसान होते आणि त्याचे मूळ बहुधा समुद्रावर सापडत नाही. घटकयादीतला एखादा न चालणारा पदार्थ, लेबलवरची एक गहाळ ओळ, ओलसर पॅलेट (खोकी रचायची चौकट) किंवा दोन कागदांवर लिहिलेली दोन वेगवेगळी वजने यांपैकी काहीतरी मालासोबत आधीच आत गेलेले असते. कंटेनरला सील लागल्यानंतर पाठवणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही, म्हणून पुढील विवेचनाचा मोठा भाग सील लागण्यापूर्वीच्या कामासाठी दिला आहे.

दिवसांचा हिशेब

नियोजनाची सुरुवात जहाजाच्या वेळापत्रकापासून करण्याची पद्धत आहे, परंतु खाद्यपदार्थांच्या बाबतीत ती खरेदीदाराच्या गोदामापासून मागे मोजत करावी. माल ताब्यात मिळताना टिकण्याच्या एकूण मुदतीपैकी अर्धा किंवा दोन तृतीयांश काळ शिल्लक असावा, अशी अट अनेक मोठे खरेदीदार करारातच घालतात आणि ती मोडली तर माल उत्तम असूनही नाकारू शकतात. समजा, एखाद्या पदार्थाची मुदत १२ महिने आहे आणि दोन तृतीयांश काळ शिल्लक हवा आहे. म्हणजे उत्पादनाच्या तारखेपासून खरेदीदाराच्या दारापर्यंत पोचायला चार महिने, ढोबळमानाने १२० दिवस मिळाले. बंदरापर्यंतची वाहतूक, जहाजाची प्रतीक्षा, प्रत्यक्ष समुद्रप्रवास, मधल्या बंदरात होणारी जहाजबदली, उतरल्यानंतरची तपासणी आणि शेवटची रस्त्यावरची वाहतूक हे सारे मोजले की लांबच्या मार्गावर ६० ते ७५ दिवस सहज जातात. उरलेल्या ४५ दिवसांत उत्पादन, प्रयोगशाळेतील चाचणी, लेबल लावणे आणि साठवण हे सर्व उरकले पाहिजे, आणि त्याहून जुनी बॅच गोदामात पडून आहे म्हणून ती या खेपेत भरण्याचा मोह टाळला पाहिजे.

वेळापत्रकात छापलेले प्रवासाचे दिवस केवळ बंदर ते बंदर असतात, शिवाय तेही पाळले जातीलच असे नाही. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रातील जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर आशिया-युरोप मार्गावरील बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालायला सुरुवात केली आणि प्रवास साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लांबला. बारा महिने टिकणाऱ्या मालाला हा विलंब सोसतो. सहा महिने टिकणाऱ्या मालाचा मात्र सगळा हिशेबच अशाने कोलमडतो, आणि माझ्या मते एवढ्या कमी मुदतीचा पदार्थ लांबच्या समुद्रमार्गाने पाठवण्याआधी त्याची मुदत वाढवता येते का, हे आधी पाहावे.

वेष्टनावरची मुदत ठरावीक साठवण-तापमान गृहीत धरून ठरवलेली असते, हीही गोष्ट हिशेबात धरावी लागते. उन्हात उभ्या असलेल्या पोलादी कंटेनरच्या छताजवळची हवा ५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. तापमान दहा अंशांनी वाढले की पदार्थातील रासायनिक बदलांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अन्नतंत्रज्ञांचा एक ढोबळ ठोकताळा आहे. त्यामुळे तेलकट पदार्थ खवट होणे, रंग उडणे, सुवास कमी होणे हे सारे प्रवासात वेगाने घडते. चॉकलेट तर टिकाऊ असूनही साध्या कंटेनरमध्ये धोक्यातच असते, कारण कोको बटर शरीराच्या तापमानाच्या आसपासच वितळते. असा माल १५ ते १८ अंशांवर चालवलेल्या शीतकंटेनरमधून पाठवावा, किंवा मार्ग आणि ऋतू सौम्य असल्यास उष्णतारोधक अस्तर लावून पाठवावा.

पदार्थ त्या देशात चालतो का?

‘टिकाऊ’ ही व्यापारी ओळख झाली. नियामकाच्या दृष्टीने मात्र त्यात अनेक वर्ग पडतात. सर्वांत आधी दोन आकडे माहीत हवेत: पदार्थाचा सामू म्हणजे पीएच (आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) आणि त्यातील जल-क्रियाशीलता, म्हणजे जंतूंना वापरता येईल असे मोकळे पाणी किती आहे याचे माप. ज्या पदार्थाचा सामू ४.६ पेक्षा जास्त आणि जल-क्रियाशीलता ०.८५ पेक्षा जास्त आहे आणि जो हवाबंद डब्यात किंवा पाउचमध्ये उष्णतेने निर्जंतुक केलेला आहे, तो कमी आम्लतेचा डबाबंद पदार्थ ठरतो. बोट्युलिझमचे विष तयार करणारा जिवाणू अशाच परिस्थितीत वाढू शकत असल्याने अमेरिकेत अशा पदार्थांच्या कारखान्याला नेहमीच्या नोंदणीखेरीज स्वतंत्र क्रमांक घ्यावा लागतो आणि प्रत्येक पदार्थाची, प्रत्येक आकाराच्या डब्यासाठीची उष्णताप्रक्रिया अन्न व औषध प्रशासनाकडे दाखल करावी लागते. हे काम काही आठवड्यांचे आहे आणि ते झाले नसेल तर माल बंदरातच अडतो. कोरडी बिस्किटे किंवा साखर यांना यातले काहीच लागू होत नाही. म्हणून प्रयोगशाळेकडून हे दोन आकडे लेखी घेऊन मगच पुढच्या चौकशीला लागावे.

प्राणिजन्य घटकांबाबत युरोपीय संघ विशेष काटेकोर आहे. वनस्पतिजन्य आणि प्रक्रिया केलेले प्राणिजन्य घटक एकत्र असलेल्या मिश्र पदार्थांसाठी २१ एप्रिल २०२१ पासून तेथे नवे नियम लागू झाले असून, बिस्किटातली दुधाची भुकटी किंवा सॉसमधले अंडे मान्यताप्राप्त स्रोताकडून आल्याचे दाखवावे लागते. मांस नसलेल्या टिकाऊ मिश्र पदार्थासाठी बहुधा आयातदाराने स्वतःच्या सहीने दिलेले घोषणापत्र पुरते. मांस असेल तर सरकारी पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र लागते. घटकयादीत दूध केवळ दोन टक्के आहे, हा युक्तिवाद तेथे चालत नाही.

मिश्रके, म्हणजे रंग, परिरक्षके, गोडी आणणारे पदार्थ, यांची मान्यता देशागणिक बदलते. टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांतून बाद केला, परंतु इतर अनेक बाजारांत तो त्यानंतरही चालू राहिला. त्यामुळे ‘आम्ही हाच माल अमुक देशात पाठवतो’ हा पुरावा दुसऱ्या देशासाठी कुचकामी ठरतो. कीटकनाशकांचे अंश, अफ्लाटॉक्सिन (बुरशीतून तयार होणारे विष) आणि जड धातू यांच्या मर्यादाही अशाच वेगवेगळ्या असतात. मसाले, सुकामेवा आणि तेलबिया यांच्यापासून बनलेल्या मालाची चाचणी बॅचनिहाय आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी.

लेबल

माशी शिंकते ती बहुधा येथे. बनवणाऱ्याला लेबल पाठ झालेले असते आणि त्यामुळेच त्यातली उणीव त्याला दिसत नाही. लेबलवर पदार्थाचे नाव, वजनानुसार उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, मुदत, बॅच क्रमांक, मूळ देश, साठवणुकीची सूचना आणि पोषणमूल्यांचा तक्ता बहुतेक ठिकाणी लागतो, पण मांडणी आणि एकके सारखी नसतात. युरोपीय संघाच्या २०११ च्या माहितीविषयक नियमानुसार १४ ॲलर्जीकारक घटक यादीत उठून दिसतील असे, उदाहरणार्थ ठळक अक्षरांत, छापावे लागतात आणि तेथील आयातदाराचे नाव-पत्ताही द्यावा लागतो. अमेरिकेच्या यादीत नऊ मुख्य ॲलर्जीकारक आहेत. त्यातला तीळ हा नववा घटक १ जानेवारी २०२३ पासून बंधनकारक झाला. कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषा लागतात, तर आखाती देशांत अरबी.

तारीख लिहिण्याची रीत विशेष तपासावी. ०५/०६ याचा अर्थ एका देशात पाच जून होतो आणि दुसऱ्या देशात सहा मे. नियमात विशिष्ट रचना सांगितलेली नसेल तर महिना अक्षरांत छापणे सर्वांत सुरक्षित. वर चिकटवायचे दुरुस्ती-लेबल काही देशांत मान्य असते, पण त्याखाली मूळ मुदत किंवा बॅच क्रमांक झाकला गेला तर तो लपवाछपवीचा प्रकार समजला जाऊ शकतो. लेबलचा अंतिम मसुदा छपाईआधी आयातदाराकडून आणि शक्य असल्यास तेथील नियम जाणणाऱ्या सल्लागाराकडून लेखी मंजूर करून घ्यावा, कारण परदेशातल्या गोदामात हजारो पाकिटांवर लेबल बदलण्याचा खर्च अनेकदा त्या खेपेचा नफा खाऊन टाकतो.

याच टप्प्यावर प्रत्येक पदार्थाचा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठीचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक, निश्चित करावा. पहिले सहा अंक जगभर समान असतात आणि पुढचे अंक प्रत्येक देश स्वतः ठरवतो. त्यांवर आयातशुल्क, परवाने आणि तपासणी अवलंबून असते. बेकरीचा माल साधारणतः १९०५ मध्ये, सॉस व मसालामिश्रणे २१०३ मध्ये येतात. इतरत्र कुठेच न बसणाऱ्या खाद्यमिश्रणांसाठी २१०६ हे शीर्षक आहे, पण विचार न करता सगळाच माल त्यात ढकलण्याची सवय महागात पडते. पहिल्या खेपेत चाळीस प्रकारचा माल थोडा थोडा भरून बाजार चाचपण्याची कल्पना आकर्षक वाटते खरी, पण चाळीस प्रकार म्हणजे चाळीस कोड, चाळीस लेबले आणि अडकण्याच्या चाळीस जागा. तीन-चार पदार्थांनी सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे.

पूर्ण कंटेनर की सामायिक?

माल कमी असेल तर तो इतरांच्या मालासोबत सामायिक कंटेनरमधून जातो आणि भाडे घनमीटर किंवा टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारले जाते. ४० × ३० × २५ सेंटिमीटरचे एक खोके ०.०३ घनमीटर होते. अशी ४०० खोकी म्हणजे १२ घनमीटर. प्रत्येक खोके १० किलोचे असेल तर वजन चार टनच, म्हणून आकारणी १२ एककांवर होईल. साधारण १३ ते १५ घनमीटरच्या पुढे गेले की २० फुटी पूर्ण कंटेनरचा भाव मागवून तुलना करावी, कारण सामायिक मालावर उतरण्याच्या बंदरात प्रत्येकाचा माल वेगळा काढण्याचे आणि हाताळणीचे जे शुल्क लागते ते पहिल्या दरपत्रकात नेहमीच ठळकपणे दिसत नाही.

पैशांपलीकडचा मुद्दा शेजाऱ्यांचा आहे. सामायिक कंटेनरमध्ये बिस्किटांच्या शेजारी रबर, अगरबत्ती किंवा डिटर्जंट येऊ शकते आणि पीठ, चहा, चॉकलेट हे पदार्थ वास झटकन ओढून घेतात. फ्रेट फॉरवर्डरकडे, म्हणजे वाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या मध्यस्थाकडे, केवळ खाद्यपदार्थांचे एकत्रीकरण मागावे आणि तसे लेखी आश्वासन मिळत नसेल तर हवा न शिरणारे वेष्टन वापरावे. शेजाऱ्यांपैकी एकाचा माल तपासणीसाठी अडवला गेला की सगळाच कंटेनर थांबतो, हेही ध्यानात असू द्यावे.

पूर्ण कंटेनर घेताना आकार मालाच्या जडपणावरून ठरवावा. २० फुटी कंटेनरचे आतले माप साधारण ५.९ × २.३५ × २.३९ मीटर, म्हणजे ३३ घनमीटर. ४० फुटी उंच कंटेनरमध्ये सुमारे ७६ घनमीटर जागा असते. वजन पेलण्याची क्षमता मात्र दुप्पट होत नाही, दोन्हींत ती साधारण सारखीच असते. म्हणून बाटल्या, डबे, मध असा जड माल २० फुटीत आणि हलके चटकमटक ४० फुटीत परवडते. प्रत्यक्षात किती वजन भरता येईल हे पुष्कळदा दोन्ही टोकांच्या रस्त्यांवरील मर्यादा ठरवतात. पॅलेटवर माल लावल्यास जागा वाया जाते: २० फुटीत १००० × १२०० मिलिमीटरचे दहा पॅलेट बसतात, ८०० × १२०० मिलिमीटरचे अकरा. तरीही खरेदीदाराच्या गोदामात फोर्कलिफ्टने माल उतरत असेल तर ही गैरसोय सोसावी, कारण हाताने उतरवताना खोकी फुटतात आणि त्या श्रमाचा खर्च फिरून पाठवणाऱ्याच्याच माथी येतो.

खोकी, पॅलेट आणि ओल

पन्हळी पुठ्ठ्याचे खोके कोरड्या कारखान्यात जेवढे वजन पेलते तेवढे ते दमट हवेत महिनाभर राहिल्यावर पेलत नाही. खोक्याची ताकद मुख्यतः त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असते. त्यामुळे कोपऱ्यावर कोपरा येईल अशी सरळ उभी रास सर्वांत मजबूत असते. विटांसारखी आडवी-उभी रचना डोळ्यांना पक्की दिसते, पण त्यात कोपऱ्याचा भार खालच्या खोक्याच्या मधल्या, कमकुवत भागावर येतो. खोकी पॅलेटच्या कडेबाहेर दोन-तीन सेंटिमीटर जरी आली तरी खालची रांग चिरडते. खोक्यात वर मोकळी जागा ठेवू नये, पाच पदरी पुठ्ठा वापरावा आणि सर्वांत खालच्या खोक्यावर उंचीनुसार किती भार येतो याचा हिशेब वेष्टन-पुरवठादाराकडून करून घ्यावा.

लाकडी पॅलेट वापरायचे असतील तर ते लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रक्रिया केलेले आणि शिक्का मारलेले असावेत. नेहमीच्या उष्णताप्रक्रियेत लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटे राखले जाते. शिक्क्याशिवायचा एक पॅलेटही संपूर्ण खेप परत पाठवायला पुरेसे कारण होऊ शकतो. प्लायवूड आणि प्लास्टिकचे पॅलेट या मानकाच्या बाहेर आहेत. एक बारकावा असा की उष्णताप्रक्रिया झालेले लाकूडही नंतर पावसात भिजले तर ओले होते आणि बंद कंटेनरमध्ये ती ओल हवेत उतरते.

या ओलीबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण टिकाऊ मालाचा समुद्रप्रवासातला सर्वांत मोठा शत्रू तीच. उष्ण, दमट ठिकाणी भरलेल्या कंटेनरमध्ये हवेसोबत बाष्प कोंडले जाते. त्यात पुठ्ठा, लाकूड आणि कंटेनरचा प्लायवूडचा तळ यांतून आणखी भर पडते. जहाज थंड पाण्यात शिरले किंवा रात्री छत गार पडले की हे बाष्प पोलादी छताच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने साठते आणि वरच्या खोक्यांवर ठिबकू लागते. परिणामी लेबले सुटतात, पुठ्ठा मऊ पडतो, बुरशी धरते आणि डब्यांच्या कडांवर गंज चढतो. बाहेरून पाण्याचा एक थेंबही आत गेलेला नसतो, म्हणून जहाज कंपनी जबाबदारी घेत नाही. उपाय साधे आहेत: कोरडे पॅलेट, कोरडा तळ, वरच्या थरावर पाणी शोषणारे कागदी आच्छादन आणि भिंतींच्या खोबणींत टांगलेल्या कॅल्शियम क्लोराइडच्या शोषक पट्ट्या. या पट्ट्या सिलिका जेलपेक्षा कितीतरी अधिक ओल धरतात, परंतु शोषलेल्या पाण्याचे जेल करणारा आणि न गळणारा प्रकारच खाद्यपदार्थांसाठी घ्यावा. पट्ट्यांची संख्या प्रवासाचे दिवस आणि मालातील ओल पाहून पुरवठादाराशी बोलून ठरवावी. गरम भरलेला माल पुरता निवण्याआधी खोक्यात घालणे ही या बाबतीत अक्षम्य घाई आहे.

कंटेनर दारात आल्यावर

रिकामा कंटेनर आला की माल चढवण्याआधी त्याची तपासणी करावी आणि ती ट्रकचालकाच्या घाईवर सोडू नये. बुकिंग करताना ‘खाद्यपदार्थांस योग्य’ असा कंटेनर मागितलेला असावा. तरी आलेला तसा असेलच याची खात्री नसते. एका व्यक्तीने आत जावे, बाहेरून दोन्ही दारे बंद करून घ्यावीत आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत मिनिट-दोन मिनिटे थांबावे. छतात किंवा कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा जरी उजेड दिसला तरी तेथून पाणी येणार हे नक्की. दारे बंद असतानाच वास घ्यावा, कारण उघड्या दारात रसायनाचा किंवा कातड्याचा मंद वास जाणवत नाही. त्यानंतर विजेरीने तळ पाहावा: तेलाचे डाग, फळ्यांच्या फटींत जुन्या मालाचे कण, किडे, वर आलेले खिळे. दाराचे रबर चिरलेले नाही ना आणि आधीच्या धोकादायक मालाची चिकटपत्रे बाहेर राहिलेली नाहीत ना, हेही पाहून घ्यावे. शंका आल्यास कंटेनर परत करावा. अर्धा दिवस जातो, पण तेवढ्यावर निभावते.

भरण सुरू असताना रिकाम्या, अर्ध्या आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेची, तसेच दार लावल्यावर सील क्रमांकाची छायाचित्रे काढावीत. सील आयएसओ १७७१२ मानकाचे, उच्च सुरक्षा वर्गातले असावे. वजन दोन्ही बाजूंना सारखे विभागावे आणि दाराजवळची मोकळी जागा हवेच्या पिशव्यांनी किंवा पट्ट्यांनी रोखावी, नाहीतर दार उघडणाऱ्याच्या अंगावर खोकी कोसळतात. तापमान व आर्द्रता नोंदवणारे एखादे छोटे यंत्र मालाच्या वरच्या थरात ठेवणे हा अगदी स्वस्त आणि पुढे फार कामी येणारा खर्च आहे.

१ जुलै २०१६ पासून भरलेल्या प्रत्येक कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवला जात नाही. भरलेला कंटेनर थेट तोलावा किंवा माल, पॅलेट, आच्छादन अशी सर्व वजने कंटेनरच्या रिकाम्या वजनात मिळवावीत, असे दोन मार्ग आहेत. दुसऱ्या मार्गात पॅलेट आणि आधारसामग्री विसरली जाते, म्हणून मला पहिला मार्ग पसंत आहे. वजन कळवण्याची, जहाज कंपनीला तपशील देण्याची आणि कंटेनर बंदरात पोचवण्याची अशा तीन वेगवेगळ्या अंतिम वेळा असतात. यातली एक जरी हुकली तरी कंटेनर पुढच्या जहाजावर जातो.

कागदपत्रे आणि अटी

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (माल मिळाल्याची जहाज कंपनीची पावती) आणि मूळ देशाचा दाखला हे चार कागद जवळपास सर्वत्र लागतात. आरोग्य प्रमाणपत्र, विश्लेषण अहवाल, मुक्त विक्री प्रमाणपत्र (माल मूळ देशात खुलेपणाने विकला जातो असा दाखला), हलाल किंवा सेंद्रिय प्रमाणपत्र हे देश आणि पदार्थ पाहून. सर्व कागदांवर पदार्थाचे नाव, खोक्यांची संख्या, निव्वळ व एकूण वजन, बॅच क्रमांक आणि कंटेनर क्रमांक अक्षरशः तेच असावेत. इनव्हॉइसवर ‘आंबट-गोड सॉस’ आणि आरोग्य प्रमाणपत्रावर ‘फळांची चटणी’ असे लिहिले गेले तर अधिकाऱ्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे पदार्थ ठरतात. कंटेनर क्रमांकाचा शेवटचा अंक हा पडताळणीचा अंक असतो, त्यामुळे टंकलेखनातली बहुतेक चूक संगणकावर लगेच पकडता येते. खोक्यांच्या संख्येला असे संरक्षण नाही, ती माणसानेच मोजावी.

काही सूचना माल निघण्याआधी किंवा पोचण्याआधी द्याव्या लागतात. अमेरिकेसाठी आयातदाराने सुरक्षाविषयक माहिती जहाजावर माल चढण्याच्या २४ तास आधी द्यायची असते, आणि खाद्यपदार्थाची पूर्वसूचना समुद्रमार्गे माल पोचण्याच्या किमान आठ तास आधी अन्न व औषध प्रशासनाकडे जायला हवी. सूचना कोण देणार हे लेखी ठरलेले असावे, कारण दोघांनीही दुसऱ्यावर भिस्त ठेवल्याने ती राहून जाण्याचे प्रकार घडतात.

जबाबदारी कुठे संपते हे इन्कोटर्म्स, म्हणजे खर्च आणि धोका विक्रेता व खरेदीदार यांच्यात वाटणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापारी अटी, ठरवतात. कंटेनरने जाणाऱ्या मालासाठी सवयीने एफओबी लिहिले जाते. परंतु त्या अटीत धोका जहाजावर माल चढेपर्यंत विक्रेत्याकडे राहतो, आणि कंटेनर तर त्याआधी कित्येक दिवस बंदराच्या आवारात दुसऱ्याच्याच ताब्यात उभा असतो. माल वाहतूकदाराच्या ताब्यात देताच विक्रेत्याचा धोका संपतो अशी एफसीए ही अट या व्यवहाराला अधिक साजेशी आहे. विक्रेत्याने विमा काढायचा असेल तर इन्कोटर्म्सच्या २०२० च्या नियमांनुसार सीआयएफ आणि सीआयपी या, भाडे व विमा विक्रेत्याकडे असलेल्या, दोन अटींपैकी सीआयएफमध्ये किमान, म्हणजे ‘सी’ वर्गाचे, संरक्षण पुरते आणि सीआयपीमध्ये सर्वाधिक व्यापक ‘ए’ वर्गाचे लागते. पैसे पतपत्राने (ठरलेले कागद मिळाल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी) मिळणार असतील तर त्यात दुसरी मुदत दिलेली नसल्यास कागद माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत बँकेत गेले पाहिजेत.

विम्याला फाटा देऊ नये. हेग-व्हिस्बी नियम (सागरी वाहतूकदाराच्या जबाबदारीचे आंतरराष्ट्रीय नियम) लागू असतील तेथे जहाज कंपनीची जबाबदारी प्रत्येक नगामागे ६६६.६७ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) किंवा किलोमागे दोन एसडीआर, यांतील जी रक्कम जास्त तेवढ्यापुरती मर्यादित असते. त्यातही बिल ऑफ लेडिंगवर ‘१,००० खोकी’ असे न लिहिता ‘एक कंटेनर’ एवढेच लिहिले तर सगळा कंटेनर हाच एक नग धरला जाऊ शकतो. शिवाय जनरल ॲव्हरेज नावाची जुनी सागरी प्रथा आहे: जहाज वाचवण्यासाठी झालेल्या असाधारण खर्चात सर्व मालमालकांनी वाटा उचलायचा असतो, स्वतःचा माल धडधाकट असला तरी. २३ मार्च २०२१ रोजी एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात अडकले तेव्हा त्याच्या मालकांनी हाच मार्ग अवलंबला, आणि ज्यांचा विमा नव्हता त्यांना माल सोडवण्यासाठी स्वतःची हमी उभी करण्याची वेळ आली. विमा साधारणतः इनव्हॉइस मूल्याच्या ११० टक्क्यांचा काढतात. ‘ए’ वर्गातही अपुरे वेष्टन, पदार्थाचा अंगभूत दोष आणि केवळ विलंबामुळे झालेले नुकसान मिळत नाही, म्हणून मुदतीचा हिशेब विम्यावर ढकलता येत नाही.

पोचल्यावर

उतरण्याच्या बंदरात मोफत दिवस ठरलेले असतात. त्यानंतर कंटेनर आवारात राहिला तर डिमरेज आणि बाहेर नेऊन वेळेत रिकामा परत केला नाही तर डिटेन्शन लागते. दोन्हींचा दर दिवसांबरोबर चढत जातो. खाद्यपदार्थांची खेप नमुना तपासणीसाठी थांबण्याची शक्यता धरून बुकिंगच्या वेळीच जास्त मोफत दिवस मागून घ्यावेत, कारण तेव्हा ते बऱ्याचदा विनामूल्य किंवा अल्प दरात मिळतात आणि कंटेनर अडकल्यावर कोणी हात सैल सोडत नाही.

दार उघडण्याआधी सील क्रमांक कागदांशी ताडून पाहण्याची सूचना खरेदीदाराला आधीच द्यावी. नुकसान दिसल्यास माल हलवण्यापूर्वी छायाचित्रे काढून, पोचपावतीवर शेरा मारून विमा कंपनीच्या पाहणीदाराला बोलवावे. वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना हेग-व्हिस्बी नियमांनुसार ताबा मिळाल्यापासून तीन दिवसांत वाहतूकदाराला द्यावी लागते आणि दाव्याची मुदत एक वर्षाची असते. तापमान नोंदवणारे यंत्र त्याच दिवशी काढून त्यातली नोंद मागवून घ्यावी, नाहीतर ते पुठ्ठ्यासोबत रद्दीत जाते.

प्रत्येक पॅलेटवर कोणत्या बॅचची किती खोकी गेली याची यादी आणि प्रत्येक बॅचचे सीलबंद नमुने छापील मुदत संपेपर्यंत, त्यावर काही महिने, जपून ठेवावेत. एखाद्या बॅचमध्ये दोष आढळून माल परत बोलवावा लागला, तर ही यादी हाती असताना तेवढीच बॅच उचलून भागते. यादी नसेल तर संपूर्ण खेप बाजारातून मागे घ्यावी लागते.